दवाखान्यापर्यंत न पोहोचणारी मुलं : सामुदायिक बालआरोग्यातल्या कामाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालरोगशास्त्र शिकणारे डॉक्टर, एमबीबीएसचे विद्यार्थी, परिचारिका आणि अधूनमधून पालकही मला या कामाविषयी विचारत असतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

सामुदायिक काम करणारा बालरोगतज्ज्ञ नेमकं काय करतो?

मुलं तपासतो. हे आधीच सांगायला हवं, कारण हा माणूस दिवसभर बैठका घेतो आणि अहवाल लिहितो असा बऱ्याच जणांचा समज असतो. ताप, जुलाब, न्यूमोनिया, फिट्स, कमी वजनाची बाळं हे सगळं त्याच्याही वाट्याला येतंच. फरक सुरू होतो तो ओपीडी संपल्यावर. आपल्या भागात पाच वर्षांखालची मुलं एकूण किती आहेत, त्यातली माझ्यापर्यंत किती आली आणि जी आली नाहीत ती कुठे आहेत, हे प्रश्न त्याला सोडत नाहीत. रुग्णालयाच्या रजिस्टरात फक्त अंश असतो. छेद बाहेर वस्तीत असतो आणि तो कुणीतरी जाऊन मोजावा लागतो.

वॉर्डात महिनाभर गोवराचं एकही मूल दाखल झालं नाही, तर त्याचे दोन अर्थ निघतात. गोवर नाही, किंवा गोवर झालेली मुलं आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत. छेद माहीत नसेल तर यातला कोणता अर्थ खरा हे वॉर्डात बसून कळत नाही.

डेव्हिड मॉर्ली हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ १९५० च्या दशकात पश्चिम नायजेरियातल्या इलेशा भागात काम करत होते. तिथली मुलं रुग्णालयात येत ती आजार बळावल्यावर. मॉर्लींनी पाच वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळे दवाखाने चालवले आणि वजनाची नोंद ठेवणारा साधा आलेख रूढ केला. हे वाढीचं कार्ड रुग्णालयाच्या कपाटात न जाता आईच्या घरी राहायचं. मूल आजारी दिसायच्या आधीच वजनाची रेषा आडवी होते, आणि ती रेषा आईलाही वाचता येते. आज जगभर जी वाढीची कार्डं वापरली जातात त्यांचं मूळ या कामात आहे. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात माहितीची मालकी बदलली.

आरोग्य विषमता म्हणजे काय? मुलांमुलांत फरक असणारच ना?

फरक असणारच. जनुकीय आजार काही समूहांत जास्त आढळतात, काही साथी ठराविक हवामानातच येतात. ज्या फरकाचं कारण टाळता येण्याजोगं आहे आणि जो अन्याय्य आहे, त्याला आपण विषमता म्हणतो.

‘ही मुलं मुळातच बुटकी, त्यांची शरीरयष्टीच तशी’ असं अजूनही सहज बोललं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे ८,५०० मुलांची वाढ मोजली. निवडलेल्या घरांत आईचं दूध, पुरेसा आहार, लसीकरण आणि स्वच्छता यांची अडचण नव्हती आणि आई धूम्रपान करत नव्हती. सहाही ठिकाणच्या मुलांची उंची जवळजवळ एकसारखी वाढली. याच अभ्यासावर २००६ ची वाढीची मानकं उभी आहेत. पहिल्या पाच वर्षांत संधी सारखी असेल तर वाढही सारखी होते. एखाद्या वस्तीतली निम्मी मुलं बुटकी असतील तर कारण त्यांच्या रक्तात शोधण्याआधी त्यांच्या परिस्थितीत शोधायला हवं.

बालमृत्यूंचंही तसंच. १९९० मध्ये जगात दर १,००० जिवंत जन्मांमागे ९३ मुलं पाचवा वाढदिवस पाहू शकत नव्हती. २०२२ मध्ये हा आकडा ३७ वर आला. प्रगती मोठीच आहे. तरी २०२२ मध्ये सुमारे ४९ लाख मुलं गेली, आणि त्यातली जवळपास निम्मी जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत. काही देशांत हा दर ५ च्याही खाली आहे, तर काहींत १०० च्या वर. जन्म कुठे झाला यावर हे ठरत असेल तर त्याला नशीब म्हणून सोडून देता येत नाही.

चांगली योजना आली की विषमता आपोआप कमी होत नाही का?

नाही. या क्षेत्रात येणाऱ्याने सगळ्यात आधी हे समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं.

वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात प्रॅक्टिस करणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक नियम मांडला: चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त गरजेची असते, तिथेच ती सर्वांत कमी मिळते. पुढे २००० साली ब्राझीलच्या सेझर व्हिक्टोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात एक बारकावा घातला. नवी लस किंवा नवं औषध आलं की ते आधी सुस्थितीतल्या घरांत पोहोचतं. त्यामुळे सुरुवातीला दरी वाढते. वरच्या थरात आणखी सुधारणेला जागा उरत नाही, तेव्हा कुठे खालचा थर जवळ येऊ लागतो.

म्हणून नवीन काही सुरू करताना मी सहकाऱ्यांना पहिल्याच दिवशी विचारतो, ‘हे सगळ्यात शेवटी कुणापर्यंत पोहोचेल?’ आणि काम तिथूनच सुरू करायचा आग्रह धरतो. सोयीच्या वस्तीपासून सुरुवात करून लांबच्या वस्तीला ‘दुसऱ्या टप्प्यात’ घेऊ असं ठरवलं, तर दुसऱ्या टप्प्याआधी निधी संपतो, माणसं बदलतात. लांबची वस्ती लांबच राहते.

घर, पाणी, भूक हे प्रश्न डॉक्टरांचे कसे?

ते मुलाच्या शरीरात उतरतात, म्हणून डॉक्टरांचे.

अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात माउंड बायू इथे १९६० च्या दशकात डॉ. जॅक गायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामुदायिक आरोग्य केंद्र चालवलं. कुपोषित मुलं समोर यायची, तेव्हा तिथले डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर चक्क अन्न लिहून द्यायचे. कुटुंब चिठ्ठी दुकानात द्यायचं आणि बिल आरोग्य केंद्राच्या औषधखात्यातून भागवलं जायचं. निधी देणाऱ्या सरकारी यंत्रणेने हरकत घेतली तेव्हा गायगर यांचं म्हणणं सरळ होतं: वैद्यकीय पुस्तकात कुपोषणावरचा उपचार अन्न हाच दिला आहे.

बॉस्टनमधले बालरोगतज्ज्ञ बॅरी झुकरमन यांनी १९९३ मध्ये रुग्णालयाच्या बालरोग विभागात वकील आणले. दम्याच्या मुलाला इनहेलर देऊन घरी पाठवायचं, घरात भिंतींना बुरशी, घरमालक दुरुस्ती करत नाही, मूल पुन्हा दाखल, असं चक्र चालायचं. घर राहण्याजोगं ठेवणं घरमालकावर बंधनकारक करणारा कायदा होता, पण तो वापरायला कुटुंबाकडे कुणी नव्हतं. वकिलाच्या एका पत्राने काही वेळा जे साधतं ते स्टिरॉइडच्या तिसऱ्या कोर्सने साधत नाही. वैद्यकीय आणि कायदेशीर मदत एकत्र देण्याची ही पद्धत पुढे अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी घेतली.

प्रत्येक डॉक्टरने वकील किंवा इंजिनिअर व्हावं असं मी म्हणत नाही. आजाराचं कारण दवाखान्याबाहेर आहे हे दिसत असेल, तर ते कागदावर लिहावं आणि ज्याच्या हातात उपाय आहे त्याच्यापर्यंत पोहोचवावं. एवढं तरी आपल्या कामाचा भाग आहे.

अशा कामात उपचाराचं कौशल्य गंजत नाही का?

हा प्रश्न शिक्षक विचारतात, आईवडील विचारतात आणि मित्रही विचारतात. बालरोगशास्त्रातले काही मोठे शोध साधनं तुटपुंजी असलेल्या ठिकाणीच लागले आहेत, हे त्यांना सांगा.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या बनगावच्या निर्वासित छावण्यांत पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली. दिलीप महालनबीस हे बालरोगशास्त्र शिकलेले डॉक्टर तिथे होते. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं, ते लावणारे हात कमी होते. महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटं करून घेतली, पाण्यात मिसळली आणि ते द्रावण पाजायला नातेवाइकांना शिकवलं. त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांमधलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पटकीतही आतड्याची ग्लुकोजबरोबर सोडियम शोषून घेण्याची क्षमता शाबूत राहते, हे प्रयोगशाळेतून आधीच कळलेलं होतं. चिखलात, गर्दीत, अप्रशिक्षित हातांनी दिलं तरी ते काम करतं का, हे छावणीत सिद्ध झालं. तज्ज्ञांच्या वर्तुळात त्यावर सुरुवातीला फारसा विश्वास बसला नाही. आज हेच तोंडाने पाजायचं द्रावण ओआरएस या नावाने सगळीकडे आहे.

दुसरं उदाहरण कोलंबियाचं. बोगोटामधल्या एका प्रसूती रुग्णालयात १९७० च्या दशकाअखेरीस काचेच्या पेट्या कमी आणि कमी वजनाची बाळं जास्त अशी अवस्था होती. बालरोगतज्ज्ञ एडगर रे यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावून ठेवायला सुरुवात केली. पेटी नाही म्हणून केलेला नुसता जुगाड एवढंच ते राहिलं नाही. या पद्धतीला पुढे कांगारू पद्धत म्हणू लागले. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीची काळजी सुरू केली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले.

कौशल्य गंजण्याची भीती पूर्णपणे खोटी मात्र नाही. अतिदक्षता विभागापासून वर्षानुवर्षं दूर राहिलं तर हात सुटतो. नवजात बाळाला श्वास देण्याचा सराव ठरलेल्या अंतराने करत राहा, वर्षातून काही आठवडे मोठ्या रुग्णालयात काम करण्याची सोय नोकरीच्या करारातच मागून घ्या.

मूल समोर बसलेलं असताना या सगळ्याचा उपयोग कसा करायचा?

रोजच्या ओपीडीत विषमता ‘आई हलगर्जी आहे’, ‘फॉलोअपला येत नाहीत’, ‘सांगितलेलं ऐकत नाहीत’ अशा शब्दांत आपल्या समोर येते. केसपेपरवर हे शब्द लिहावेसे वाटले की हात थांबवा आणि आणखी चार गोष्टी विचारा. मूल दिवसा कुणाजवळ असतं? औषध कोण पाजतं? मागचं औषध पुरं झालं का, की मध्येच संपलं? इथे यायला किती वेळ लागला, आजचा कामाचा दिवस बुडाला का? पाणी कुठून येतं? घरात धूर किंवा ओल आहे का? गेल्या महिन्यात कधी घरातलं खाणं संपलं आणि लगेच आणता आलं नाही, असं झालं का?

विचारण्याची पद्धत फार महत्त्वाची. ‘तुम्हाला वाचता येतं का’ असं चारचौघांत विचारलं की माणूस मान डोलावतो आणि विषय संपतो. ‘हे मी सगळ्यांनाच विचारतो’ अशी सुरुवात करावी, औषधाचा डोस बाटलीच्या झाकणावर किंवा सिरिंजवर खूण करून दाखवावा आणि मग म्हणावं, ‘घरी कसं द्याल ते मला एकदा करून दाखवा.’ यात परीक्षा आपल्या समजावण्याची असते, त्यांची नाही.

उत्तरं मिळाली की उपचार बदलतो. घरी फ्रिज नसेल तर थंड ठेवावं लागणारं पातळ औषध चौथ्या दिवशी निकामी होऊ शकतं. आई दोन पाळ्यांत काम करत असेल तर दिवसातून तीनदा द्यायचं औषध दोनदाच दिलं जाईल. मुलांच्या साध्या न्यूमोनियासाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसातून दोनदा द्यायच्या, पाण्यात विरघळणाऱ्या अमॉक्सिसिलिनच्या गोळ्या सुचवते, त्यामागे हाच विचार आहे. जुलाबात ओआरएसबरोबर १० ते १४ दिवस झिंक द्यायचं असतं. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळ्याही थांबतात, कारण पुढच्या दिवसांचं कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

आणि विचारून मग काहीच करता येत नसेल तर? ही अडचण खरी आहे. मदतीचा रस्ता नसताना भुकेबद्दल विचारणं क्रूर होऊ शकतं. म्हणून प्रश्न विचारायला लागण्याआधी आपल्या भागात धान्य, निवारा, शाळाप्रवेश, कायदेशीर सल्ला आणि हिंसेपासून संरक्षण यासाठी कोण काय करतं याची यादी हाताशी ठेवा. यादीतल्या प्रत्येक ठिकाणच्या एका तरी माणसाशी स्वतः बोललेलं असावं. नुसता फोन नंबर लिहून दिला तर बहुतेक कुटुंबं तिथपर्यंत जात नाहीत. ‘तिथे अमुक ताईंना भेटा, मी त्यांना सांगून ठेवतो’ म्हटलं की जातात.

आरोग्यसेविकांच्या हाती उपचार देणं धोक्याचं नाही का?

मुलाला काहीच उपचार न मिळणं हा त्याहून मोठा धोका आहे, आणि तुलना त्याच्याशीच करायला हवी.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब देणं, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि आईवडिलांच्या संमतीने प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देणं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार या ३९ गावांत, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. बाळंतपण घरी होत होतं, रुग्णालय लांब होतं आणि बाळ पहिल्याच आठवड्यात दगावत होतं. तिथे डॉक्टरची वाट पाहणं म्हणजे काय, हे त्या गावांना ठाऊक होतं.

ब्राझीलच्या बालरोगतज्ज्ञ झिल्डा आर्न्स यांनी १९८३ मध्ये चर्चच्या मदतीने ‘पास्टोराल दा क्रियान्सा’ हे बालआरोग्याचं काम सुरू केलं. वस्तीतल्याच स्वयंसेविका दर महिन्याला मुलांची वजनं घ्यायच्या, जुलाबातलं पेय तयार करायला शिकवायच्या, गर्भवतींना भेटायच्या. एका छोट्या गावातून निघालेलं हे काम देशभर पसरलं. २०१० मध्ये हैतीत हेच काम समजावून सांगायला गेल्या असताना भूकंपात त्यांचा मृत्यू झाला.

आरोग्यसेविकेला काय शिकवायचं याचा उत्तम नमुना म्हणजे श्वास मोजणं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं वयात ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. मूल शांत असताना पूर्ण मिनिट मोजायचं. कुपोषणासाठी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर: ११.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर तीव्र कुपोषण. आणि चार धोक्याची लक्षणं: मूल काही पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटून टाकतं, झटके येतात, किंवा ग्लानीत आहे. यातलं काहीही असेल तर लगेच पुढे पाठवायचं.

अपयश येतं ते बहुतेक वेळा देखरेख आणि पुरवठ्यात. प्रशिक्षण देऊन मोकळे झालो, औषधं तीन महिने आली नाहीत, पर्यवेक्षक फक्त रजिस्टर तपासून गेली, असं झालं की सेविकेवरचा गावाचा विश्वास उडतो. आणि एक आग्रहाचं म्हणणं: या कामाला मोबदला द्या. ‘सेवाभावी’ म्हणून बाईकडून फुकट काम करून घेणं हीसुद्धा विषमताच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही कामाच्या प्रमाणात मोबदला द्यावा असंच सांगतात.

संशोधन आणि आकडेवारी किती यायला हवी?

प्रमाण काढता येणं, दोन प्रमाणांची तुलना करता येणं, आणि ‘ही मुलं बाकीच्या मुलांपेक्षा वेगळी असल्यामुळे तर फरक दिसत नाही ना’ हे स्वतःला विचारता येणं. एवढ्यावर खूप मोठं काम होतं.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहराचं पाणी एप्रिल २०१४ मध्ये खर्च वाचवण्यासाठी नदीवर वळवण्यात आलं. ते गंजरोधक प्रक्रियेविना जुन्या नळांतून वाहिलं आणि नळातलं शिसं पाण्यात उतरलं. रहिवासी पाण्याच्या रंगाबद्दल, वासाबद्दल, पुरळाबद्दल तक्रार करत राहिले. बालरोगतज्ज्ञ मोना हाना-अतीशा यांनी आपल्या रुग्णालयात नेहमीच होणाऱ्या रक्ततपासण्यांच्या नोंदी काढल्या आणि पाणी बदलण्याआधीचा काळ नंतरच्या काळाशी ताडून पाहिला. रक्तात शिशाचं प्रमाण जास्त असलेल्या पाच वर्षांखालच्या मुलांचा वाटा २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेला होता. सप्टेंबर २०१५ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं. राज्याच्या अधिकाऱ्यांनी आधी ते धुडकावलं, मग मान्य केलं, आणि ऑक्टोबरमध्ये पाण्याचा स्रोत बदलला गेला.

शिशाची सुरक्षित पातळी नसते. मेंदूचं नुकसान भरून येत नाही. म्हणून शोधनिबंध छापून येण्याची वाट न पाहता त्या बोलल्या, आणि ते योग्यच होतं. त्यांना बोलता आलं, कारण नोंदी होत्या आणि तारीख, वय, पत्ता नीट लिहिलेला होता. कंटाळवाणी वाटणारी रजिस्टरं मी कधीही कमी लेखत नाही ती यामुळेच.

पालक लस नको म्हणतात तेव्हा काय करता?

आधी ‘नको’ आणि ‘जमलं नाही’ वेगळं करतो. २०२३ मध्ये जगात सुमारे १ कोटी ४५ लाख बाळांना पहिल्या वर्षात त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लसीचा एकही डोस मिळाला नाही, असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा अंदाज होता. यातली मोठी संख्या संघर्षाच्या, विस्थापनाच्या आणि सेवाच नसलेल्या भागांतली आहे. त्यांच्या पालकांना कुणी विचारलंच नाही. लसीकरणाचा दिवस आणि कामाचा दिवस एकच, केंद्र लांब, आधीच्या वेळी लस संपलेली, कार्ड हरवलं म्हणून रागावलेली परिचारिका, असली कारणं सापडली की उपाय आपल्या बाजूला असतो.

खरोखर भीती असेल तर ऐकून घेतो. मागे कुणाच्या मुलाला लसीनंतर ताप आला, कुणाला न विचारता टोचलं गेलं, याची आठवण समाज ठेवतो. वाद जिंकून लस होत नाही.

डॉक्टरांच्या मनातल्या पूर्वग्रहाचं काय?

तो असतो, आणि यंत्रांतही असतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या प्रौढ रुग्णांच्या अभ्यासात, रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर कृष्णवर्णीय रुग्णांमधली ऑक्सिजनची कमतरता गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट वेळा चुकवतो असं दिसलं. आकडा ९३ दाखवत असेल आणि मूल धापा टाकत असेल तर मुलाकडे पाहा.

भाषेबद्दलही सांगायला हवं. आईची भाषा आपल्याला येत नसताना शाळकरी भावंडाला दुभाषा करू नका. आठ-दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून आईला आजाराचं निदान सांगायला लावणं तिच्यावर अन्याय आहे, आणि अर्धी माहिती गळते ती वेगळीच.

शिक्षणाचा मार्ग कोणता?

आधी चांगले बालरोगतज्ज्ञ व्हा. साथरोगशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्यातली पदवी नंतरही घेता येते, नोकरी करता करताही घेता येते. मूल तपासण्याचा आत्मविश्वास मात्र रेसिडेन्सीतच, म्हणजे रुग्णालयात काम करत घेतलेल्या तज्ज्ञ-प्रशिक्षणातच येतो, आणि वस्तीत तुमचं ऐकलं जातं ते त्याच जोरावर. रेसिडेन्सीत असताना आठवड्यातली एक दुपार तरी बाहेरच्या केंद्रात काढता आली तर काढा. प्रबंधाचा विषय निवडताना ‘दाखल झालेल्या रुग्णांतले’ अमुक असा न घेता, उशिरा आलेल्या मुलांना उशीर का झाला याचा घ्या.

पगार, घर, स्वतःची मुलं?

पैसे खासगी प्रॅक्टिसपेक्षा बहुतेक ठिकाणी कमीच मिळतात. जोडीदाराशी आधी मोकळेपणाने बोला. सुट्टी, राहण्याची जागा आणि बदली डॉक्टर या गोष्टी लेखी घ्या. त्यागाच्या भाषेत स्वतःला ढकलणारे दोन-तीन वर्षांत निघून जातात, आणि त्या भागाला पुन्हा नवा डॉक्टर शोधावा लागतो.

वाचवता न आलेल्या मुलांचं ओझं कसं पेलता?

एकट्याने नाही. मृत्यू झाला की आठवड्याभरात सगळी टीम एकत्र बसते: सेविका, परिचारिका, गाडीचा चालक, डॉक्टर. धोका ओळखायला उशीर झाला, निघायला झाला, पोहोचायला झाला की पोहोचल्यावर उपचारांना झाला, एवढंच शोधायचं. माणसावर बोट ठेवायचं नाही. दुःख त्याने कमी होत नाही, पण पुढच्या मुलासाठी काय बदलायचं ते हाती येतं. मुलाच्या घरी भेटायलाही जातो. ते टाळू नये.

डॉक्टरांनी धोरणांविषयी जाहीर बोलावं का?

बोलावं. मुलांना मतदानाचा हक्क नसतो, त्यांची संघटना नसते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या २४ व्या कलमात आरोग्याचा हक्क लिहिलेला आहे. त्याची आठवण करून द्यावी लागते. फक्त धीर लागतो. सिसेली विल्यम्स या बालरोगतज्ज्ञांनी १९३९ मध्ये सिंगापूरला भाषण करून, बाळांसाठी गोड कंडेन्स्ड दूध खपवणं म्हणजे मुलांचा जीव घेणं आहे असं उघड सांगितलं होतं. आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांच्या जाहिरातींवर आंतरराष्ट्रीय आचारसंहिता आली ती १९८१ मध्ये.

यश कसं मोजायचं?

सरासरीने नाही. लसीकरण ८० टक्क्यांवरून ८८ वर गेलं, पण वाढ सगळी रस्त्यालगतच्या वस्त्यांत झाली, तर विषमता वाढली. प्रत्येक आकडा वस्तीनुसार, मुलगा-मुलगीनुसार, आईच्या शिक्षणानुसार फोडून पाहायचा आणि सगळ्यात मागच्या गटाचा आकडा अहवालाच्या पहिल्या ओळीत लिहायचा.

नव्या भागात रुजू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत काय करावं?

कार्यक्रम जाहीर करू नका. ओपीडी नियमित आणि वेळेवर चालवा. लोक आधी तेवढंच पारखतात. गेल्या दोन वर्षांतल्या बालमृत्यूंच्या नोंदी काढा आणि जन्मनोंदींशी ताडून पाहा. जिथून वर्षभरात एकही मूल आलं नाही अशा वस्त्या नकाशावर शोधा. जुन्या सेविकेला आणि दाईला बरोबर घेऊन तिथे जा, वजनकाटा आणि दंडघेराची पट्टी सोबत ठेवा, आणि पहिल्या भेटीत सल्ला न देता मुलं किती, कुठल्या वयाची, कोणाची लस राहिली हे लिहून घ्या. पुढची तारीख तिथल्या बायकांनाच ठरवू द्या, आणि त्या तारखेला जा.